शुक्रवारचे पाणी

नोकरी सोडल्यानंतरच्या वर्षी शहराच्या कडेला असलेल्या एका विद्यापीठात मला अर्धवेळ काम मिळाले. तिथल्या पर्यावरण कक्षाचा वार्षिक अहवाल नीट मराठीत लिहून काढायचा आणि जमेल तसे विद्यार्थ्यांना नोंदी लिहायला शिकवायचे, एवढेच ते काम होते. त्याआधी बरीच वर्षे मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. बाहेर जाऊन बातमी आणणारे वेगळे. आम्ही आत बसून ती तपासायची, छाटायची आणि तिला मथळा द्यायचा. बसल्या जागी शहराबद्दल पुष्कळ कळते. त्यामुळे आपल्याला शहर माहीत आहे असेही वाटू लागते.

सदाशिव पेठेतून निघून स्वारगेटला बस बदलली की तासाभरात मी विद्यापीठात पोहोचत असे. आवार मोठे होते. एके काळी तिथे एका गावाची शेती होती. गाव आता महापालिकेत आहे. मागच्या भिंतीपलीकडे त्याची घरे दिसतात: पाच मजली, खाली गाळे, वर भाडेकरू, आणि मधेच एखाद्या दारापुढे अजून बांधलेली म्हैस.

पर्यावरण हा विषय पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना सक्तीचा होता. निम्मे तास वर्गात, निम्मे आवारात. वर्गात हवामान, ऊर्जा, कचरा यांवर व्याख्याने होत. आवारात उपक्रम असत. वाळलेली पाने गोळा करून खत करायचे, झाडे मोजायची, रिकाम्या वर्गांतले पंखे बंद करत फिरायचे, खानावळीत ताटात उरलेल्या अन्नाचे वजन करायचे. सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाने एक तक्ता भरून द्यायचा. त्यात तीन रकाने होते: प्रश्न, कृती आणि परिणाम. पहिला रकाना सगळे भरत. दुसऱ्यात फोटो डकवत. तिसऱ्यात बहुतेक जण ‘जनजागृती झाली’ असे लिहीत. मी ते खोडत असे आणि मुले ते पुन्हा लिहीत.

पाणी मोजणाऱ्या गटाकडे मात्र खरोखरचे आकडे होते. या गटात सुरुवातीला सहा जण होते. दिवाळीनंतर एकच मुलगी उरली. तिच्या घरचे जुन्या पेठेत नळ आणि पाइपांचे दुकान होते, आजोबांनी काढलेले. रोज सकाळी आठला ती मुलींच्या वसतिगृहामागे मीटर वाचायला हजर असे. फोनमध्ये मीटरचा फोटो काढी आणि शिवाय वहीत आकडा लिही.

“फोटो असताना वही कशाला?” मी एकदा विचारले.

“फोन बिघडतो, मॅम. वही बिघडत नाही. अब्बा दुकानात सगळं वहीतच लिहितात. आम्ही हसतो त्यांना, पण सापडतं त्यांचंच.”

वसतिगृहाची पाण्याची व्यवस्था इथे सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते. तिथून पंपाने ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात आणि गच्चीवरून ते मजल्यांवर येते. मीटर होते पंप आणि गच्ची यांच्या मधल्या पाइपवर. म्हणजे वर किती पाणी गेले ते कळायचे. वर गेलेले पाणी वापरले गेले, की टाकी भरून बाहेर वाहून गेले, ते कळायचे नाही. पंप चालू आणि बंद करणे कंत्राटदाराच्या एका माणसाच्या हातात होते.

मुलीने सत्राअखेर आलेख काढला, दिवसाला एक खांब. बहुतेक खांब सारख्या उंचीचे होते. अधूनमधून मात्र एक चमत्कारिक आठवडा यायचा. त्यात बुधवारचा खांब थोडा उंच, गुरुवारचा बुटका आणि शुक्रवारचा सगळ्यांत उंच. हे आठवडे कोणते, ते समजायला वेळ लागला नाही. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी कधीकधी गुरुवारी पाणी बंद ठेवतात. त्याची दोन ओळींची बातमी मी डेस्कवर वर्षानुवर्षे लावली होती. अमुक भागांचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. नावे बदलायची, बाकीचा मजकूर तसाच ठेवायचा.

बुधवारी मुली पाणी भरून ठेवतात, म्हणून खांब उंच. गुरुवारी पाणी जपून चढवतात, म्हणून बुटका. इथपर्यंत सगळ्यांना पटले. शुक्रवारचे काय, हा प्रश्न कक्षाच्या बैठकीत आला. बैठकीला कक्षाच्या प्रमुख प्राध्यापक बाई होत्या, देखभाल विभागाचे अभियंता होते, वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, वही घेऊन ती मुलगी होती आणि अहवाल लिहिणारी मी होते.

“शुक्रवारी मुली दोनदोनदा आंघोळ करतात का?” प्राध्यापक बाईंनी विचारले.

“गुरुवारची एक राहिलेली असते,” रेक्टर म्हणाल्या.

“ती धरली तरी एवढं होत नाही,” अभियंता म्हणाले. “टाकी वाहतेय, दुसरं काय? शुक्रवारी हा माणूस पंप लावतो आणि गप्पा मारत बसतो.”

“मग टाकी भरली की आपोआप बंद होणारं काहीतरी बसवा की.”

“प्रस्ताव गेलाय.”

“कधी?”

“गेलाय.”

मुलीने हात वर केला. “सर, ओव्हरफ्लोचा पाइप कोणी बघितलाय का?”

“बघायचं काय त्यात? तुझा आकडाच बोलतोय ना.”

मुलगी खाली बसली. दोन आठवड्यांनी बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि त्याआधी अहवाल पूर्ण व्हायला हवा होता. निदान एका उपक्रमाचे तिन्ही रकाने नीट भरले, याचे सगळ्यांना बरे वाटले. प्रश्न सापडला होता, कृती म्हणून माणूस बदलायचा होता, आणि परिणाम पुढच्या सत्रात दिसणार होता. मी त्याच संध्याकाळी वाक्य लिहिले: ‘पंपचालकाच्या निष्काळजीपणामुळे शुक्रवारी टाकी भरून वाहत असल्याचे आढळून आले.’

डेस्कवर आमचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी सोडायची नाही. या नियमावरून मी नव्या वार्ताहरांना अनेकदा परत पाठवले होते. त्या दिवशी तो मला आठवला नाही. हा अहवाल आहे, बातमी नाही, असे मी धरून चालले होते.

अहवालाचा मसुदा सोमवारी सगळ्या विभागांना गेला. बुधवारी दुपारी ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मॅम, काकांना काढलं.”

“कोणत्या काकांना?”

“पंपवाल्या. कॉन्ट्रॅक्टरला लेटर गेलंय. येत्या सोमवारपासून दुसरा माणूस येणार आणि ह्यांना येरवड्याच्या साइटवर टाकलंय.” तिने मसुद्याचे पान माझ्यासमोर ठेवले. “तुम्ही ‘आढळून आले’ असं लिहिलंय. कोणाला आढळलं?”

“बैठकीत तसं ठरलं.”

“ठरलं आणि आढळलं हे सेम असतं का?”

हे तिने उद्धटपणे विचारले नव्हते. नोंदी लिहायला ती माझ्याकडेच शिकत होती.

“रीडिंग माझं आहे, मॅम,” ती म्हणाली. “उद्या त्यांनी विचारलं कोणामुळे, तर माझ्या वहीमुळे. मला ते नकोय.”

आम्ही दोघी पंपाच्या खोलीवर गेलो. वसतिगृहामागे, आवाराच्या भिंतीला टेकून ती होती. आत पंप, भिंतीवर हिरव्या आणि लाल बटणांची पेटी, एक घड्याळ, एक कॅलेंडर आणि कोपऱ्यात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. पंपचालक पन्नाशी ओलांडलेले होते, भिंतीपलीकडच्या गावातलेच. त्यांनी स्टूल पुढे सरकवले.

“बसा म्याडम. बातमी छापलीत जणू माझी.”

“अहवाल आहे तो,” मी म्हणाले.

“त्येच की. कागुदच हाय.”

येरवड्याला जायला अडचण काय, असे मी विचारले. ते हसले.

“येरवड्याला लोकं जात्यात की. काही जणं तर बरीच वर्षं राहत्यात तिथं. मला जायचं वावडं न्हाय. दुपारी माघारी कसा येऊ, ते सांगा.”

मग त्यांनी सांगितले. आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली होती. बायको सकाळी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जाई, ती चारला येई. बाराच्या ठोक्याला ते भिंतीतल्या छोट्या फाटकातून घरी जात, आईला कुशीवर वळवत, पुसून घेत, भाकरी दुधात कुस्करून भरवत आणि पाऊण तासात परत येत. एकाच कुशीवर दिवसभर राहिली तर पाठीला जखमा होतात, डॉक्टरांनी बजावले होते. येरवड्याहून दुपारी येऊन परत जाणे शक्य नव्हते.

“मग तेवढा वेळ पंपाकडे कोण बघतं?” मी विचारले. आवाजात संशय असावा.

“बाराच्या आत बंद आसतो. चालू ठिवून मी कधी ह्या दाराबाहेर गेलो न्हाय. पन्नास मिनिटात टाकी भरती. पन्नासाव्या मिनिटाला लाल बटण. झालं.”

“काका,” मुलगी म्हणाली, “ओव्हरफ्लोचा पाइप कुठे निघतो?”

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिले. “ह्यो सवाल इंजिनेर सायबानं इचारायला पायजे होता. तू कुठली गं?”

“पेठेतली. आमचं पाइपचंच दुकान आहे.”

“मंग बरोबर.”

त्यांनी आम्हाला इमारतीच्या मागच्या अंगाला नेले. गच्चीवरून एक जाड पाइप भिंतीने खाली आला होता आणि आमच्या खांद्याच्या उंचीवर गटारावर उघडत होता. त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. वाळलेले, राखी रंगाचे, अर्धे तोंड भरेल एवढे. वरून एकदा जरी पाणी आले असते तरी ते राहिले नसते. खालच्या गटारात धूळ आणि बाभळीच्या शेंगा होत्या.

“कधीचं आहे हे?” मी विचारले.

“दसऱ्याच्या आधीपास्नं.”

मुलीने फोटो काढला, मग वही उघडून उभ्या उभ्या नोंद केली. मोजणी दसऱ्यानंतर सुरू झाली होती, हे तिने मला मागचे पान उलटून दाखवले.

“हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?” मी म्हणाले.

“कुणाला सांगू? आलं कोण?”

मी खालच्या कोरड्या गटाराकडे पाहिले. मी विचारले, “मग शुक्रवारचं पाणी जातं कुठे?”

“मी खाली आसतो, पानी वर जातं. वर पोरी हायती आन वर जायला मला बंदी हाय. मी काय सांगनार?” ते पुन्हा खोलीकडे चालू लागले. “उद्या पानी बंद हाय. परवा सकाळी पंप लावायच्या वक्ताला या. बघायला न्हाय, ऐकायला या.”

त्या संध्याकाळी रेक्टरांनी फळ्यावर सूचना लिहिली की उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवावे. मी निघाले तेव्हा प्रत्येक मजल्यावरून बादल्यांच्या कड्यांचा आवाज येत होता.

शुक्रवारी मी सकाळी पहिल्या बसने गेले. मुलगी माझ्याआधी आलेली होती. थंडी होती. सव्वाआठला पंपचालकांनी हिरवे बटण दाबले आणि ते आमच्याबरोबर इमारतीच्या मागे येऊन उभे राहिले. तिथे न्हाणीघरांचे सांडपाण्याचे पाइप रांगेने खाली उतरतात. काही मिनिटे काहीच झाले नाही. मग वरच्या मजल्यावर कोणीतरी ओरडले, “पाणी आलं!” त्यानंतर एका पाइपातून एकदम ओघ खाली आला. तो नळ उघडा राहिल्याचा आवाज नव्हता, अख्खी बादली उपडी केल्याचा होता. मग दुसऱ्या पाइपातून. मग तिसऱ्यातून दोन, लागोपाठ. थोड्याच वेळात सगळे पाइप वाजू लागले. मुलगी आधी वहीत रेघा मारत होती. पुढे तिने पेन खाली घेतले आणि नुसती ऐकत राहिली.

सात-आठ मिनिटांनी आवाज थांबले आणि रिकाम्या बादल्यांत पडणाऱ्या धारांचा आवाज सुरू झाला.

“आता भरत्यात,” पंपचालक म्हणाले. “आधी वतत्यात, मंग भरत्यात. दर वक्ताला. मी जातो, पंपापाशी कुणी न्हाय.”

आम्ही वर गेलो. दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीघराबाहेर बादल्यांची रांग होती. आत विद्यार्थ्यांच्या पर्यावरण मंडळाची सचिव नळाखाली बादली लावून उभी होती. आरशावर चिकटवलेला पाणी वाचवण्याचा फलक तिनेच रंगवलेला होता. ती आणि माझ्याबरोबरची मुलगी एकमेकींना ओळखत होत्या.

“काय करतेयस गं?” मुलीने विचारले.

“गरबा. काय दिसतंय?”

“आत्ता ओतलंस ते कुठलं पाणी होतं?”

“बुधवारचं. शिळं झालं ना ते.”

“बादलीतलं पाणी शिळं कसं होईल? झाकलेलं नव्हतं का?”

“होतं, पण दोन रात्रींचं गं. आंघोळीला कोण घेणार? घरी आई रोज सकाळी पिंप रिकामं करते. ताजं आलं की जुनं ठेवायचंच नाही.”

“मग लगेच परत कशाला भरतेयस? नळाला येतंय की.”

“आज प्रेशर कमी असतं. पेपरमध्ये देतात ना, शुक्रवारी कमी दाबाने. अचानक गेलं म्हणजे?”

ती ओळ मी किती वेळा लावली असेल, सांगता येणार नाही. ती वाचून कोणी काय करते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मुलीने वही उघडून आलेख तिच्यासमोर धरला आणि उंच खांबावर बोट ठेवले. “हा खांब टाकी वाहिल्याचा नाहीये. हा आपला आहे. ह्याच्यावरून खालच्या काकांना काढलंय.”

सचिव मुलीने खांब पाहिला. मग मागे वळून नळ बंद केला. “शिट,” ती म्हणाली. “मी दोन बादल्या ओतल्या. आणि रूममेटच्या पण मीच ओतल्या.”

मला तिला दोष देता आला नाही. माझ्या घरी ओट्यावर तांब्याचे पिंप आहे. त्यातले कालचे पाणी रोज सकाळी मोरीत ओतून मी ताजे भरते. माझी आईही तेच करत असे. पाणी वाया घालवता का, असे कोणी विचारले असते तर मी नाही म्हणाले असते, आणि खोटे बोलतेय असे मला वाटले नसते. त्याला आम्ही कोणी वापर म्हणत नव्हतो, नासाडीही म्हणत नव्हतो. ती स्वच्छता होती. वसतिगृहातल्या मुलींना वापराबद्दल प्रश्नावली दिली होती. आंघोळ, कपडे, भांडी, पिणे असे रकाने त्यात होते. ओतून दिलेल्या पाण्याला रकानाच नव्हता. ती प्रश्नावली तयार करताना मीही भाषा तपासली होती.

दुपारी प्राध्यापक बाईंच्या खोलीत तीच मंडळी पुन्हा जमली. मंडळाची सचिवही आली होती. मुलीने पाइपाचा फोटो दाखवला आणि सकाळची नोंद वाचली. सचिव मुलीने आपल्या मजल्यावर विचारून आणलेली माहिती सांगितली: जवळजवळ सगळ्यांनीच ओतले होते. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला.

“म्हणजे समिती येणार बुधवारी,” त्या म्हणाल्या, “आणि आपण त्यांना सांगायचं, की पाणी वाचवायला शिकवलेल्या आमच्या मुलीच पाणी ओततात.”

त्यांनी अहवालाचा मसुदा पुढे ओढला.

“अहो, तुम्ही वर्तमानपत्रात होतात ना?” त्यांनी मला विचारले.

“हो.”

“मग आधी चौकशी करायची असते, हे आम्हाला नाही तरी तुम्हाला माहीत असायला हवं होतं.”

“असायला हवं होतं. वाक्य माझं आहे. कोणालाही न विचारता लिहिलंय.”

“पण पत्र गेलंय मॅडम,” अभियंता म्हणाले. “तिकडे त्यांनी माणसं हलवली असतील. समिती येऊन जाऊ दे. मग बघू, पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यापर्यंत त्यांच्या आईला कोण वळवणार, सर?” मुलगी म्हणाली. ती उभी राहिली होती. “मॅम, माझा तिसरा रकाना रिकामा ठेवा. नाहीतर लिहा की आमचा निष्कर्ष चुकला. मार्क गेले तर जाऊ देत.”

सचिव म्हणाली, की पुढच्या बंद गुरुवारनंतर उरलेले पाणी ओतायचे नाही, प्रत्येक मजल्यावर एका पिंपात जमा करायचे. रेक्टरांनी थोडा विचार केला. शुक्रवारी पॅसेज पुसायला बायका येतात, त्या नळाचे ताजे पाणी घेतात, त्यांना ते देता येईल, असे त्या म्हणाल्या. “मुली ऐकतील असं नाही,” त्यांनी पुढे जोडले. “शिळ्या पाण्याने फरशी तरी कशाला पुसायची, असंही कोणीतरी म्हणेल.”

प्राध्यापक बाईंनी पेन्सिल घेऊन माझे वाक्य खोडले. पुरते, वाचता येणार नाही इतके खोडले. मग अभियंत्यांकडे पाहिले. “पत्र लिहा. माणूस बदलायचा नाही, आमची चूक झाली.”

“लिहितो. सोमवारी…”

“आत्ता. मी बसलेय.”

“आणि जो नवीन माणूस येणार, त्याला काय सांगायचं?”

“खरं सांगा. फार वेळ लागणार नाही.”

पत्र शुक्रवारी संध्याकाळी गेले. पण ते कंत्राटदाराच्या कार्यालयात पोहोचले, कामावर माणसे पाठवणाऱ्या मुकादमापर्यंत पोहोचले नाही. सोमवारी सकाळी मी पत्राची प्रत द्यायला पंपाच्या खोलीवर गेले तेव्हा आत दोघे बसलेले होते. पंपचालक त्यांच्या स्टुलावर, आणि दारापाशी उलट्या बादलीवर डबा मांडीवर घेतलेला एक तिशीतला माणूस. येरवड्याच्या बाजूने दोन बस बदलून तो आठलाच येऊन बसला होता. पंप कोणाचा हे ठरत नव्हते, त्यामुळे दोघांपैकी कोणीच बटणाला हात लावला नव्हता.

मी पत्र वाचून दाखवले. नव्या माणसाने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मग मुकादमाला फोन लागेपर्यंत अकरा वाजून गेले. मुकादमाने कार्यालयात विचारले, कार्यालयाने शोधाशोध केली आणि शेवटी पत्र सापडल्याचे कळवले.

“म्हणजे मी परत तिकडंच?” नव्या माणसाने विचारले.

“हो. तुमची आधीची जागा आहे, असं म्हणाले,” मी सांगितले.

“मी कुठं मागितली होती हिकडची? ते म्हणले जा, मी आलो.”

“ज्येवून जा,” पंपचालक म्हणाले. “लांबचं हाय.”

“नको. बस जाईल.” तो डबा उचलून गेला. त्यालाही कोणी काही विचारलेले नव्हते.

तोपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. वरून मुली ओरडू लागल्या, “काका, पाणी!” बारा वाजायला वीस मिनिटे असताना पंपचालकांनी हिरवे बटण दाबले. खोलीत पंपाचा आवाज भरला. ते घड्याळाकडे पाहत उभे राहिले. बारा वाजले. त्यांनी दारातून भिंतीतल्या फाटकाकडे पाहिले, मग पंपाकडे. पंप बंद केला तर वसतिगृहाला पाणी नाही. चालू ठेवला तर साडेबारापर्यंत इथे उभे राहायचे.

“तुमाला ह्ये हिरवं-लाल कळतं का?” त्यांनी मला विचारले.

“कळतं.”

“साडेबाराला लाल दाबायचं. मधी कुठं जायचं न्हाय. फोनवर बोलायचं न्हाय.”

“नाही बोलणार.”

“वाचायचं पन न्हाय काही.”

ते गेले. मी स्टूल पेटीजवळ ओढले आणि घड्याळासमोर बसले. तीस मिनिटे नुसते बसून राहणे मला बऱ्याच वर्षांत जमले नव्हते. दोनदा बाहेर जाऊन वर पाहावेसे वाटले, पण मधे जायचे नाही असे सांगितले होते. मिनिटकाटा साडेबाराच्या जवळ आला तसा मला पंपाचा आवाज बदलल्यासारखा वाटू लागला. मी उठून लाल बटण दाबले.

पाऊण वाजायच्या सुमारास ते फाटकातून आले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

“आई?” मी विचारले.

“ज्येवली. उशीर झाला म्हनून शिव्या दिल्या.” त्यांनी घड्याळाकडे पाहिले. “कवा बंद केला?”

“बारा सत्तावीसला.”

“मी साडेबारा म्हनलो व्हतो.”

“वाहील अशी भीती वाटली.”

“वाटतीच,” ते म्हणाले. त्यांनी हात पँटला पुसले, हिरवे बटण दाबले आणि राहिलेली तीन मिनिटे पेटीपाशी उभे राहिले.